चतुराबाईंचा चुडा

नाशिकला दहीपुलाच्या वरच्या गल्लीत देवराम कासाराचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, दोन माणसं समोरासमोर बसली की तिसऱ्याने बाहेर पायरीवर उभं राहावं, एवढीच जागा. पण काचेच्या बांगड्यांचे रंग बघायचे तर तिथेच, असं देवराम छाती पुढे काढून सांगायचा. आता सांगत नाही. आता बाई आली की तो माप विचारतो, बांगड्या कागदात गुंडाळून देतो आणि मान खालीच ठेवून म्हणतो, "घरी जाऊन भरून घ्या, ताई." बायका कुरकुरतात. कासाराने बांगड्या विकायच्या आणि भरायच्या नाहीत, म्हणजे न्हाव्याने गिऱ्हाइकाच्या हातात कात्री देऊन आरसा दाखवावा तसलाच प्रकार. नवख्या बायकांना वाटतं, म्हातारा आळशी आहे. जुन्या गिऱ्हाइकांना खरं काय ते माहीत आहे, त्या गुपचूप पुडी घेऊन जातात.

आळशी तर तो कधीच नव्हता. चाळीसेक वर्षं त्याने बांगड्या भरल्या, दुकानात भरल्या आणि बाजाराच्या दिवशी एस.टी.ने हरसूलला जाऊन जमिनीवर पोतं अंथरूनही भरल्या. नवरासुद्धा जो हात चारचौघांत धरायला लाजतो, तो हात कासाराने भर बाजारात धरायचा आणि कोणाच्या मनात वाईट येऊ नये, अशी या धंद्याची रीत. देवरामने ती जिवापाड सांभाळली. तो बाईच्या चेहऱ्याकडे बघायचाच नाही. फक्त हात बघायचा. पंजा एकदा दाबून पाहिला की माप सांगायचा, मग म्हणायचा, "हात सैल सोडा, ताई. एकदम सैल. जणू तुमचा नाहीच." अंगठ्याखालचं हाड आत दाबून बांगडी अशी फिरवायचा की ती मनगटावर गेल्यावरच बाईला कळायचं. प्रत्येक बांगडीमागे त्याचा एकच प्रश्न असायचा, "दुखलं का?"

त्याच्या हाताला गुण आहे, असं हरसूलच्या बाया म्हणत. तिथली कुसाबाई म्हणून एक म्हातारी होती, ती दुसऱ्या कोणाकडे हातच द्यायची नाही. "या कासारदादाचा हात लय हलका हाय. लेकराला जोजवल्यावानी भरतो," असं ती सगळ्या बाजाराला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगायची. बांगड्या भरून झाल्या की बाया त्याला वाकून नमस्कार करायच्या. कासार सौभाग्य देतो म्हणून हा नमस्कार असतो. देवराम दर वेळी अवघडायचा, पण मनातून सुखावायचा, हे खोटं कशाला बोला.

त्याची बायको चतुराबाई त्याला या नमस्कारावरून फार चिडवायची. "जगाच्या बायका पाया पडतात म्हणून माणूस चढलाय नुसता! घरी पाणी मागायची सुद्धा लाज वाटत नाही," म्हणायची आणि पाणी आणून द्यायची. बाई गोरी, ठेंगणी, बोलायला फटकळ. तिचं माप दोन-चार. लग्नात जे माप होतं तेच साठीला, याचा देवरामला फार अभिमान. इतर बायकांचे हात बाळंतपणात आणि भांडी घासून रुंद होतात, चतुराचा झाला नाही, हे तो असं सांगायचा, जणू त्यात त्याचंच काही कर्तृत्व होतं. दर संक्रांतीला आणि दर चैत्रात, गौरीच्या हळदीकुंकवाच्या आधी, दुकान बंद करून तो तिच्या हातात नव्या हिरव्या बांगड्या भरायचा. तिलाही विचारायचा, "दुखलं का?" ती म्हणायची, "दुखलं तर काय नुकसानभरपाई देणार आहात का?"

तिच्या अंगावर पित्त उठायला लागलं ते कोरोना सरल्यानंतरच्या वर्षी. आधी मांड्यांवर, मग पोटावर, जिथे परकराची नाडी आवळते तिथे. लाल, फुगीर गांधी उठायच्या आणि आग व्हायची. सकाळी पोटावर असलेल्या दुपारी जिरायच्या, आणि पाठीवर नव्या हजर. पित्त उठल्यावर जे सगळे करतात ते यांनीही केलं. आमसुलाचं पाणी अंगाला चोळलं. तिला घोंगडीवर लोळायला लावलं. वांगं बंद, तूरडाळ बंद, मग लोणचं, मग चहा. शेवटी चतुराबाई म्हणाली, "आता हवा तेवढी राहिलीय, ती कधी बंद करता सांगा."

हसण्यावारी नेलं, पण दुखणं हसण्यावारी जाणारं नव्हतं. रोजच्या रोज उठायचं. काही दिवशी ओठ सुजायचे, कधी एक डोळा मिटायचा. आणि मग गांधी मनगटावर आल्या. जिथे म्हणून काही दाबेल तिथे उठायच्या, आणि बांगड्या तर अष्टौप्रहर दाबणाऱ्या. मनगट सुजून बांगड्या मांसात रुतायला लागल्या. एका दुपारी देवराम जेवायला घरी आला तर चतुराबाई मोरीत बसून साबणाच्या पाण्याने एकेक बांगडी उतरवत होती. दोन वाढल्या होत्या. त्यांचे तुकडे तिने कागदावर नीट गोळा करून ठेवले होते. उरलेल्या शेजारी होत्या. तिचे हात पार मोकळे.

कासाराच्या घरात, नवरा समोर उभा असताना, बायकोचे हात उघडे! "मी अजून जिवंत आहे गं," एवढंच देवरामच्या तोंडून निघालं. ते रागाने निघालं, आणि त्याचं त्याला नंतर फार वाईट वाटलं. चतुराबाईने वर बघितलं. एरवी सव्वाशेर उत्तर देणारी बाई, त्या दिवशी म्हणाली, "आग होते हो फार. मला नाही सोसत." आणि रडायला लागली.

त्याने मोठं माप आणलं, दोन-आठ. सुजलेल्या हातात तेही जाईना. गल्लीतल्या बायकांनी विचारायला सुरुवात केली. काहीजणी पाठीमागे बोलल्या. चतुराबाई पदराखाली हात घेऊन बसायला लागली, मग हळदीकुंकवाला जाणंच तिने सोडलं. जगाच्या बायकांचे हात भरणाऱ्या देवरामला आपल्या बायकोचा हात भरता येईना. तो दुसऱ्या कुणाचा हात धरायचा तेव्हा त्याला मोरीत बसलेली चतुरा दिसायची. तिचे हात पुन्हा भरायचे, एवढी एकच गोष्ट त्याच्या डोक्यात घर करून राहिली.

त्यांची मुलगी योगिनी ओझरला दिली आहे, जावई तिथे कारखान्यात आहे. तिनेच आईला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. डॉक्टरीणबाई तरुण, पण शांत होत्या. त्यांनी गोळी सुरू केली, गोळीने थोडं दबलं, पुन्हा उठलं. मग त्यांनी रक्त तपासायला सांगितलं. रिपोर्ट दाखवायला चतुराबाईबरोबर देवराम गेला, कारण योगिनीच्या सासरी कार्य होतं. त्या दिवशी योगिनी असती तर, हा विचार त्याने पुढे किती वेळा केला असेल, देव जाणे.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून सांगितलं. "काका, कातडीखाली बारीक रक्तवाहिन्या असतात. काकूंच्या या वाहिन्या मधूनच पाझरायला लागतात. आतलं पाणी बाहेर येतं, म्हणून गांधी फुगतात. आता वाहिनी पाझरली की शरीराला वाटतं, कुठेतरी जखम झाली. मग रक्त गोठवायची जी व्यवस्था असते ना, ती जागी होते. थोडं गोठतं, लगेच विरघळतं. त्यातून वाहिन्या आणखी पाझरतात. म्हणून काकूंचं दुखणं हटत नाही. ते विरघळल्याची खूण रक्तात सापडते. काकूंचा डी-डायमर वाढलाय तो त्यामुळे. घाबरू नका. याचा अर्थ कुठे गाठ अडकलीय असा नाही. दुखणं जरा जोरात आहे, एवढाच. आपण गोळीचा डोस वाढवू."

चतुराबाईने मान हलवली. देवरामनेही हलवली. पण डी-डायमर हा शब्द आल्यावर त्याचे कान बंद झाले होते.

हा शब्द त्याने कोरोनाच्या ज्या उन्हाळ्यात ऐकला, त्या उन्हाळ्यात नाशकात कोणी ऐकला नाही? तो आणि त्याचा धाकटा भाऊ वाल्मीक एकाच दवाखान्यात, एकाच वॉर्डात होते. वाल्मीकचा डी-डायमर वाढला. "वाढलाय, पण घाबरू नका," असं तिथले डॉक्टर म्हणाले होते, अगदी याच शब्दांत. दुसऱ्या दिवशी खाट रिकामी. रक्ताची गाठ झाली आणि फुप्फुसात अडकली, असं सांगितलं. देवराम वाचला. घरी सोडताना त्याला रक्त पातळ करायच्या गोळ्या दिल्या होत्या, महिनाभराच्या. आपण त्या गोळ्यांनी वाचलो, आणि वाल्मीकला त्या वेळेवर मिळाल्या नाहीत म्हणून तो गेला, असं देवरामने मनाशी धरलं होतं. त्या गोळ्यांचं रिकामं पाकीट त्याने देवघरात डबीत ठेवलं होतं. अंगाऱ्याशेजारी.

घरी येताना रिक्षात तो रिपोर्टची घडी घालत-उघडत बसला. चतुराबाई म्हणाली, "डोस वाढवलाय म्हणजे झालं. तुम्ही तोंड का पाडून बसलात?" तो म्हणाला, "ऊन लागतंय." मनात त्याच्या एकच गोष्ट घोळत होती. हिचं रक्त गोठतंय. डॉक्टरीणबाई आपल्याला सांगत नाहीयेत. डॉक्टर माणसं सांगत नाहीत, घाबरू नका म्हणतात आणि खाट रिकामी करून देतात. योगिनीला सांगावं, तर तिच्या जिवाला घोर. चतुराला सांगावं, तर तिचं धैर्यच जाईल. त्याने ते सगळं एकट्याने पोटात घातलं. पुरुषमाणसाने तसंच करायचं असतं, असं त्याला वाटे.

संध्याकाळी तो देवघरातलं पाकीट घेऊन ओळखीच्या मेडिकलवर गेला. "या दे," म्हणाला. मेडिकलवाल्याने दिल्या. नाव-गाव, चिठ्ठी काही विचारलं नाही. देवराम कासार, बापासारखा माणूस, त्याला काय विचारायचं?

"ही कसली आणि?" चतुराबाईने विचारलं.

"पित्ताचीच. डोस वाढवलाय ना."

तिने हात पुढे केला. त्याने गोळी तळहातावर ठेवली, तिने तोंडात टाकली, पाणी प्याली. देवराम पुढे सांगायचा, की तो हात तिने एकदम सैल सोडला होता. बाजारात बाया सोडतात तसा. सकाळ-संध्याकाळ तो स्वतः गोळी द्यायचा, विसरायचा नाही. आयुष्यात बायकोची एवढी सेवा त्याने कधी केली नव्हती, आणि तिलाही त्याचं कौतुक वाटत होतं. योगिनीला फोनवर म्हणाली, "तुझे बाबा माझी नर्स झालेत बाई."

आणि दैव असं चेष्टेखोर, की गांधी कमी झाल्या. खरंच कमी झाल्या. डॉक्टरीणबाईंच्या वाढवलेल्या डोसाने, की त्याच्या गोळीने, की त्यांच्या त्यांच्या मर्जीने, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. दोन आठवड्यांत मनगटाची सूज उतरली. चतुराबाईने एक दिवस दोन्ही हात त्याच्यासमोर धरले. "बघा, आलं का माप?" त्याने पंजा दाबून पाहिला. दोन-चार. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायला तो खोकला. "चैत्रगौरीला भरा," ती म्हणाली. "यंदा मी हळदीकुंकू करणार. ज्या ज्या भवान्या माझ्या हातांबद्दल बोलल्या, त्या सगळ्यांना बोलावणार." देवरामने त्याच दिवशी हिरव्या बांगड्या निवडून, एकेक उजेडात धरून, वेगळ्या बांधून वरच्या फळीवर ठेवल्या.

तिच्या दंडावर निळे डाग पडत होते. तिने ते दाखवले नाहीत असं नाही. दाखवले. "कुठे आपटले कोण जाणे," म्हणाली. दात घासताना रक्त यायचं. ती गुडघ्यासाठी दुखणं थांबवायची गोळी घ्यायची, ती जुनीच सवय; त्या गोळीनेही रक्तस्राव वाढतो, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. देवरामला वाटलं, उष्णता असेल. गांधी गेल्या होत्या, बाकीचं त्याला दिसतच नव्हतं.

हळदीकुंकवाला चार दिवस राहिले होते. दुपारी देवराम जेवायला घरी गेला असताना चतुराबाई दुकानात बसली होती. तिला त्या बांगड्या बघायच्या होत्या. किती बाई उतावीळ! स्टुलावर चढून तिने वरच्या फळीवर हात घातला, स्टूल हललं आणि ती खाली आली. डोकं गल्ल्याच्या कोपऱ्यावर आपटलं. शेजारच्या भांडीवाल्याने उठवलं. देवराम धावत आला तोवर ती पायरीवर बसून पदराने घाम पुसत होती, आणि बांगड्यांचं पुडकं मांडीवर. "एक पण वाढली नाही," ती त्याला म्हणाली. "डोक्याला टेंगूळ आलंय, पण बांगड्या शाबूत आहेत."

त्याने टेंगळाला बर्फ लावला. तो तिच्यावर ओरडलाही थोडा. संध्याकाळी ती म्हणाली, डोकं जड झालंय. त्याने तिला चहा करून दिला, आणि चहाबरोबर, न विसरता, गोळी.

सकाळी ती नीट जागी होईना. हाक मारली की हुं म्हणायची. मग तेही म्हणेना. दवाखान्यात डोक्याचा फोटो काढला, आणि एक डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "आत रक्तस्राव झालाय, थांबत नाहीये. पेशंटला रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?" ओझरहून धावत आलेली योगिनी म्हणाली, "नाही. पित्ताची आहे फक्त." डॉक्टर म्हणाले, "नीट आठवा. पडल्यामुळे एवढं होत नाही सहसा."

देवरामने शर्टाच्या खिशातून पाकीट काढून पुढे धरलं. सकाळची गोळी द्यायची म्हणून त्याने ते बरोबर आणलं होतं. डॉक्टरांनी ते उलटसुलट करून वाचलं. "हे कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही," देवराम म्हणाला. "मीच देत होतो."

योगिनीने बापाकडे बघितलं. मग फक्त म्हणाली, "बाबा, विचारायचं ना एकदा." ती ओरडली असती, छातीवर मारलं असतं तर त्याला सोसलं असतं. तिने त्याचा हात धरला, आणि तो हात त्याला धरवेना, त्याने सोडवून घेतला.

डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. ऑपरेशन केलं, रक्त गोठावं म्हणून बाटल्या लावल्या. ज्या गोठण्याच्या भीतीने देवरामची झोप उडाली होती, तेच आता व्हावं म्हणून तो बाकावर बसून कालिकादेवीला हात जोडत होता. चतुराबाई शुद्धीवर आली नाही. गौरीच्या हळदीकुंकवाच्या आदल्या सकाळी ती गेली.

सवाष्ण गेली. बायका येताना हळद, कुंकू, हिरवं लुगडं घेऊन आल्या. सवाष्णीला हिरवा चुडा घालून पाठवायचं असतं. कोणीतरी म्हणालं, दुसरा कासार बोलवा, बिचाऱ्याला नको. देवराम म्हणाला, "मी भरतो." तो दुकानात गेला आणि ते वेगळं बांधलेलं पुडकं घेऊन आला. बायका बाजूला सरकल्या. तो तिच्याशेजारी मांडी घालून बसला, हरसूलच्या बाजारात बसायचा तसा.

तिच्या अंगावर कुठेही एक गांध नव्हती. हात गोरे, स्वच्छ, बारीक झालेले. त्याने उजवा हात हातात घेतला, पंजा दाबला, आणि सवयीने तोंडाशी आलेलं "हात सैल सोडा" त्याने गिळलं. आता ते सांगायची गरज नव्हती. एकेक बांगडी तो अंगठ्याखालचं हाड दाबून घालत होता, तेवढ्याच हलक्या हाताने. एकही अडली नाही. एकही वाढली नाही. उजवा झाल्यावर त्याने डावा घेतला. खोलीत नुसता काचेचा आवाज येत होता.

शेवटची बांगडी मनगटावर नेली, पदर नीट केला, आणि तो तिचा हात तसाच धरून बसला.

"दुखलं का?" त्याने विचारलं.

बायकांमधून कोणाला तरी हुंदका फुटला. योगिनीने पुढे होऊन बापाच्या पाठीवर हात ठेवला, म्हणाली, "बाबा, चला आता." पण तो उठेना. चाळीस वर्षांत बाईने उत्तर दिल्याशिवाय त्याने तिचा हात सोडलेला नव्हता.